नमुन्याचा पाय

परिषदेचं आमंत्रण आलं तेव्हा कार्यशाळेत जो आनंद झाला, तो जेमतेम जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला. सुट्टीनंतर हिशेबनीस वरच्या मजल्यावरून खाली उतरले. ते स्वतःहून खाली आले म्हणजे काहीतरी कापलं जाणार, हे इस्पितळातल्या मांजरालाही ठाऊक होतं. एका माणसाचं भाडं, एका माणसाची नोंदणी, आणि मुक्कामाचं तुमचं तुम्ही बघा, असं सांगून त्यांनी काखा वर केल्या आणि जिना चढून गेले. परिषद होती पार महानगरात. आणि जायचं होतं तिघांना. मास्तर, धाकटी आणि पाय.

कार्यशाळा इस्पितळाच्या मागच्या अंगाला होती, धुलाईघराला लागून. ज्यांचे पाय गेले त्यांच्यासाठी तिथे पाय बनत. मास्तर तिथले प्रमुख कारागीर. धाकटी सगळ्यांत शेवटी नोकरीला लागली म्हणून धाकटी. पुढे तिच्या हाताखाली माणसं आली, केस पिकले, तरी चिकटलेलं नाव काही निघालं नाही.

आणि पाय म्हणजे नमुन्याचा पाय. खरं तर त्यातला गुडघा. त्या काळी मांडीपासून पाय गेलेल्या माणसापुढे दोनच मार्ग असायचे. एक तर कुलपाचा गुडघा, जो चालताना काठीसारखा ताठ राहायचा आणि बसताना खटका ओढून वाकवावा लागायचा. नाहीतर मोकळा गुडघा, जो ऐन रस्त्यात दगा द्यायचा. मास्तरांनी तिसरा केला. भार आला की धरायचा, भार सुटला की वाकायचा. ऐकायला हे सोपं वाटतं. मास्तरांचं अर्धं आयुष्य त्यात गेलं, आणि बायकोची बोलणी खाण्यात उरलेलं अर्धं, कारण त्याचे सुटे भाग त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात पडलेले असत.

असा गुडघा एकच तयार झाला होता. त्याच्या आतला घासणारा भाग मास्तरांनी हाताने, कानशीने, जरा जरा करत बसवला होता. दुसरा करायचा म्हटला तर आणखी कित्येक महिने गेले असते. आणि वर्षअखेरीला मास्तर निवृत्त होणार होते. परिषदेत ठिकठिकाणचे कारागीर जमणार. त्यांनी तो गुडघा हातात घेतला, वाकवून बघितला, तर कुठे ना कुठे तो पुढे बनत राहील. नाहीतर मास्तरांबरोबर तोही घरी बसणार. मास्तर हे कधी बोलून दाखवत नसत. पण आमंत्रण आल्यापासून ते कामाच्या टेबलाशी उगाच शीळ घालायला लागले होते, आणि शीळ त्यांना अजिबात येत नसे.

व्यासपीठावर बोलायचं होतं धाकटीने. मास्तरांना चार माणसांपुढे उभं केलं की त्यांची बोबडी वळायची.

मुक्कामाचा प्रश्न धाकटीनेच सोडवला.

"मास्तर, वाटेवर आपले पाय आहेत की," ती म्हणाली.

कार्यशाळेत माणसाला कुणी पेशंट म्हणत नसे. अमुक गावात आपला डावा आहे, तमुक ठिकाणी आपले दोन उजवे आहेत, अशी भाषा चालायची. तर वाटेवरच्या तीन पायांना पत्रं गेली. एक शिंपी, एक पाववाला आणि एक टपालबाई. तिघांचीही उत्तरं इतक्या तातडीने आली की जणू ती मंडळी टपालपेटीपाशी बसूनच होती. जलद गाडीचं एकाचं भाडं दोघांच्या साध्या बसला पुरत होतं. शिवाय शिदोरी होतीच. धाकटीच्या आईने एवढं खाणं बांधून दिलं होतं की परिषद महिनाभर चालणार आहे असं तिला वाटलं असावं.

नमुन्याचा पाय जुन्या चादरीत गुंडाळला होता. पण टोकाचा बूट काही केल्या झाकला जाईना. बसमध्ये शेजारची बाई एकदा बुटाकडे आणि एकदा मास्तरांकडे बघायची आणि हळूहळू सरकत खिडकीला चिकटायची.

"हे काय आहे?" कंडक्टरने विचारलं.

"पाय," मास्तर म्हणाले.

"कुणाचा?"

"अजून कुणाचा नाही."

कंडक्टरने तिकिटांचा गठ्ठा काढला. "मग याचं तिकीट?"

"लागत असेल तर फाडा. पण मग त्याला जागा द्या, त्याला उभं राहायची सवय नाही अजून," मास्तर अगदी गंभीरपणे म्हणाले. कंडक्टर हसत पुढे गेला.

पहिला मुक्काम शिंप्याकडे. दुकान खाली, घर वर. शिंपीकाका हात पुढे करून स्वागताला आले, तर मास्तरांनी हात हातात घेण्याऐवजी त्यांच्या कमरेखाली बघत म्हटलं, "चालून दाखवा." बारा वर्षांनी भेटलेल्या माणसाला हे पहिलं वाक्य. शिंपीकाका दुकानातल्या दुकानात चालून दाखवू लागले, गिऱ्हाईक बघत राहिलं. पाय ठणठणीत होता. पण तो कमरेला धरून ठेवणारा चामडी पट्टा केव्हाच तुटला होता आणि त्याच्या जागी काकांनी चक्क माप घ्यायची टेप बांधली होती.

"अहो, शिंपी असून?" धाकटी म्हणाली.

"दुसऱ्यांचं शिवण्यातून वेळ कुठे मिळतो?" काका म्हणाले.

मास्तरांनी नमुन्याच्या पायाचा नवाकोरा पट्टा काढला आणि काकांना बांधला. धाकटीने तो ओढून बघितला. पट्ट्याचं काय एवढं. काकांना मात्र राहवलं नाही. सकाळी निघायच्या आत त्यांनी जाड कापडाचा दुहेरी पट्टा शिवून नमुन्याला लावला, आणि त्यांच्या बायकोने हौसेने त्यावर निळ्या धाग्याची फुलं काढली. परिषदेला जाणारा पाय फुलाफुलांचा झाला.

दुसऱ्या मुक्कामी घोटाळा झाला तो मास्तरांच्या कामाच्या सवयीने. मास्तरांच्या लक्षात चेहरे राहत नसत. आयुष्यभर लोकांच्या कमरेखाली बघून काम केलेलं, चेहरा बघायला सवड कुणाला होती? बसथांब्यावर उतरल्यावर ते म्हणाले, "पाववाल्याला मी चालीवरून ओळखतो. डावा. टाच जरा बाहेर टाकतो." आणि गर्दीत तशीच टाच टाकत जाणारा एक माणूस त्यांना दिसला. त्यांनी त्याला गाठलं, खांद्यावर हात ठेवला, आणि भर रस्त्यात म्हणाले, "अरे, बराच बिघडलाय की तुझा पाय. पँट वर कर बघू."

त्या गृहस्थांच्या पायाला गळू झालं होतं. पाय सख्ख्या आईच्या पोटातून आलेला होता. त्यांनी मास्तरांना जे सुनावलं ते ऐकायला अर्धा थांबा गोळा झाला. त्या गोळा झालेल्यांमध्ये अगदी सरळ, ऐटीत चालत आलेला एक जाडजूड माणूस पोट धरून हसत होता. तो पाववाला. मास्तरांचाच पाय लावून तो इतका सुधारला होता की मास्तरांना ओळखू आला नाही.

त्या संध्याकाळी पाववाल्याच्या घरात जे हसणं झालं ते धाकटीला आजही आठवतं. भट्टीची ऊब भिंतीतून आत यायची. पाववाल्याची आई प्रत्येकाला बोलावून ती गोष्ट पुन्हा सांगायला लावायची, आणि मास्तर दर वेळी तितकेच लाजायचे. भट्टीच्या उष्णतेने पाववाल्याच्या पावलाचं रबर चिरत चाललं होतं, तेव्हा नमुन्याचं पाऊल त्याला गेलं आणि त्याचं पीठ माखलेलं जुनं पाऊल नमुन्याला आलं. धाकटीने तोंड जरा वाकडं केलं. मास्तर म्हणाले, "गुडघा आहे ना शाबूत? परिषद गुडघ्याची आहे."

आता धाकटी परिषदांना विमानाने जाते. कार्यालय तिकीट काढतं, गाडी न्यायला येते, खोलीत दोन उशा जास्तीच्या असतात. सगळं व्यवस्थित असतं. आणि ती त्या खोलीत बसून जेवते तेव्हा तिला त्या भिंतीची ऊब आठवते आणि घास उतरत नाही. तंगी पुन्हा यावी असं कुणी म्हणणार नाही, तीही म्हणत नाही. पण पैसे नव्हते म्हणून माणसांच्या दारात जावं लागलं, आणि दारं उघडली गेली, हे सुख तिला नंतर कुठल्याच दौऱ्यात मिळालं नाही.

तिसरा मुक्काम टपालबाईकडे. ते गाव डोंगराच्या अंगावर वसलेलं. घरांची रांग, मग पायऱ्या, मग घरांची दुसरी रांग, अशी चढत गेलेली. टपालबाई तिथे पत्रं वाटायची. पाय गेला तेव्हा ती लग्नाच्या वयाची पोर होती, आणि मास्तरांनी तिला पहिला पाय लावला तेव्हा कार्यशाळेत तिने आरडाओरडा करून सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. आता तोंडाने फटकळ, हाताने उदार आणि कामाला वाघ अशी तिची ख्याती होती.

"चालून दाखव," मास्तर दारातच म्हणाले.

"आधी आत तर या. मी कुठे पळून चालले नाही."

"चाल म्हणतो ना."

ती ओसरीवर चार पावलं चालली. मास्तरांनी डोळे बारीक केले. "परत," म्हणाले. ती परत चालली. मग त्यांनी खाली बसून कान गुडघ्याशी नेला आणि हाताने तो हलवून बघितला. तिचा कुलपाचा गुडघा होता. कुलपाची खीळ झिजून झिजून निम्मी झाली होती. कधी धरेल, कधी सुटेल, नेम नव्हता.

"किती वेळा पडलीस?"

"नाही पडले."

"किती वेळा?"

टपालबाईने पदराशी चाळा केला. "पायऱ्यांवर दोनदा. तिसऱ्यांदा पडले नाही, भिंत धरली. मी भिंत धरूनच चढते आता. पत्रं दातात धरते." आणि हसून म्हणाली, "लोकांची पत्रं जरा ओली पोचतात एवढंच."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी हत्यारांची पिशवी ओढली, मग चादरीची गाठ सोडायला लागले, आणि धाकटीने त्या गाठीवर हात ठेवला.

"मास्तर, नाही," ती म्हणाली. "परवा परत येतोच आहोत आपण याच वाटेने. परिषद झाली की बसवू."

"उद्या हिला टपाल आहे."

"एक दिवस रजा घेईल. घ्याल ना ताई?"

"रजा घेईन की," टपालबाई लगेच म्हणाली. "मास्तर, तुमचं काम आधी. मी दोन दिवसांत मरत नाही."

"तू रजा घेणार नाहीस," मास्तर म्हणाले. "मी तुला पोरवयापासून ओळखतो. आम्ही वळणावरून दिसेनासे झालो की तू पिशवी उचलणार." टपालबाईने टपालाची पिशवी दाराआड सारली, कारण ते खरं होतं.

"पण दाखवायला दुसरा नाही आपल्याकडे," धाकटीचा आवाज चिरकला. "तुम्ही किती वर्षं... पुन्हा कधी बोलावणार आहेत आपल्याला? तुमचंच नुकसान आहे, मास्तर, माझं नाही."

"ते मला कळतंय," मास्तर म्हणाले, आणि पाना फिरवायला लागले.

उजेड होता तोवर ते काम चाललं. धाकटीने पकड पुढे केली, खिळी सांभाळली, कोन धरला, सगळं केलं, पण एक शब्द बोलली नाही. गुडघा टपालबाईच्या पायात बसला. तिचा झिजका गुडघा नमुन्यात गेला. ओसरीवर ती चालली तेव्हा छान चालली, पण ओसरी ती ओसरी. चढावर नीट जमायला चार-दोन दिवस लागतील, तोवर जपून, असं मास्तरांनी बजावलं. सकाळच्या बसमध्ये धाकटी खिडकीबाहेर बघत बसली. मास्तरांनी शिदोरीतली एक वडी पुढे केली, तीही तिने घेतली नाही. तिला मास्तरांचा राग आला होता, आणि त्यांच्याबद्दल इतकं वाईट वाटत होतं की राग सोडला असता तर रडू फुटलं असतं.

महानगरातलं ते सभागृह म्हणजे नुसता दिमाख होता. काचेची दारं आपली आपण उघडायची. दारात गळ्यात घालायचा बिल्ला मागायचे, आणि नोंदणी एकाचीच असल्यामुळे बिल्लाही एकच. तो धाकटीच्या गळ्यात. मास्तर बाहेर पायऱ्यांवर बसले, चादर घडी करून मांडीवर घेऊन. "जा," म्हणाले, "आणि घाई घाई बोलू नकोस."

तिची पाळी आली. टेबलावर तिने पाय उभा केला. निळ्या फुलांचा पट्टा, पीठ माखलेलं पाऊल, आणि मध्ये झिजलेला जुनाट गुडघा. पुढच्या रांगेत कुजबुज झाली. भिंतीवर तिने गुडघ्याच्या आकृत्या लावल्या आणि बोलायला लागली. भार येतो तेव्हा काय होतं, सुटतो तेव्हा काय होतं, कुठला भाग कुठे घासतो. बोलता बोलता तिची भीती गेली.

शेवटी एकाने विचारलं, "आकृती चांगली आहे. पण टेबलावर आहे तो तर साधा कुलपाचा गुडघा. तुमचा कुठे आहे?"

धाकटीने टेबलावरच्या पायाकडे बघितलं. मग जे होतं ते तिने सांगितलं. "तो आज टपाल वाटायला गेलाय."

सभागृह हसलं. तिने हसू ओसरू दिलं आणि ओसरीवरची सगळी हकीकत सांगितली. दातात धरलेल्या पत्रांची गोष्टही सांगितली. हसणाऱ्यांनी वह्या काढल्या. काहींनी आकृत्या उतरवून घेतल्या. मागच्या रांगेतले एक पांढऱ्या मिशांचे कारागीर उठले आणि म्हणाले, "चढावर कसा चालतो तो?"

"माहीत नाही," धाकटी म्हणाली. "आम्ही अजून बघितलेला नाही."

त्या आकृत्यांवरून पुढे दोन-तीन कार्यशाळांनी तसे गुडघे केले. काही वर्षं चालले. मग कारखान्यातले तयार गुडघे आले, हलके, चकचकीत, आणि मास्तरांचा मागे पडला. त्याला कुणाचं नाव वगैरे मिळालं नाही. पण हे नंतरचं.

ती बाहेर आली तेव्हा मास्तर पायऱ्यांवर तसेच होते. येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत बसले होते.

"काय विचारलं?"

"चढावर कसा चालतो म्हणून विचारलं."

मास्तरांचा चेहराच बदलला. "बरोबर विचारलं," ते म्हणाले. "कोण होता तो? बरोबर विचारलं त्याने." मग म्हणाले, "आपल्याला बघायला हवं होतं."

परिषदेचा दुसरा दिवस शिल्लक होता. त्या दिवशीचं जेवण नोंदणीत धरलेलं होतं, आणि हिशेबनिसांनी ते चुकवू नका असं दोनदा बजावलं होतं. धाकटी बिल्ला काढत म्हणाली, "चला मास्तर, आत्ता निघालो तर उद्या सकाळी ती टपालाला निघायच्या आत पोचू." कालपासूनचा तिचा अबोला असा सुटला. मास्तर उठले आणि वाटेत त्यांनी शिदोरीतली वडी पुन्हा पुढे केली. या वेळी तिने घेतली.

टपालबाई पिशवी खांद्याला लावून निघतच होती. या दोघांना बघून ती थक्क झाली.

"परिषद बंद पडली की काय?"

"तू चढ," मास्तर म्हणाले. "आम्ही इथून बघतो."

"असं खाली उभं राहून बघणार? मला लाज वाटते."

"आम्ही गुडघा बघतोय, तुला कोण बघतंय."

"बरं," ती म्हणाली. "वरच्या वळणावर पोचले की मागे वळून हात करते. हात केला म्हणजे ठीक आहे समजा. नाही केला तर धावत या."

ती निघाली. पहिल्या पायऱ्या भिंतीच्या कडेने, बोटं भिंतीला टेकवत. दुसऱ्या रांगेपाशी एका दारात पत्र दिलं. तिसऱ्या रांगेपाशी बोटं भिंतीपासून जरा सुटली. मास्तरांनी धाकटीचं मनगट धरलं होतं आणि ते दुखत होतं, पण तिने सोडवून घेतलं नाही. मग एका खिडकीतून कुणीतरी टपालबाईला काही विचारलं. तिने चालता चालताच वर बघून उत्तर दिलं, दोन्ही हातांनी पत्रांचा गठ्ठा चाळत. भिंत बाजूला राहिली. ती पायऱ्यांच्या मधून चढत होती. खिडकीतल्या बाईला ती काहीतरी फटकळ बोलली असावी, कारण वरून हसण्याचा आवाज आला. हसत हसतच ती वळणावर पोचली, आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

दोघं वाट बघत उभी राहिली. वळण रिकामं होतं.

"हात करणार होती ना?" धाकटी घाबरून म्हणाली. "मास्तर, काही झालं तर नसेल? जाऊ का वर?"

मास्तरांनी तिचं मनगट सोडलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"नको जाऊस," ते म्हणाले. "विसरली ती."